जहाजावरचे सेफ्टी-सिक्युरिटीचे नियम मोडले तर: शिक्षा कोणाला, किती, आणि त्या वेळी काय करायचं

गँगवे, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर यायचा जिना, चढून एक माणूस वर येतो. डोक्यावर हेल्मेट, काखेत फोल्डर. वर ड्युटीवर असलेला खलाशी त्याला हसून 'गुड मॉर्निंग' म्हणतो आणि बाजूला होतो. ओळखपत्र मागत नाही, वहीत नाव लिहून घेत नाही, बॅगेकडे बघतही नाही. तो माणूस दहा पावलं आत जातो, थांबतो आणि मागे वळून विचारतो, "मी कोण आहे, तुला माहीत आहे का?" तो पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे बंदराच्या देशातर्फे परदेशी जहाजं तपासणाऱ्या यंत्रणेचा, इन्स्पेक्टर असतो.

माझ्या एका जहाजावर हे अगदी असंच घडलं. दंड झाला नाही, जहाजही अडकलं नाही. पण जी तपासणी दोन तासांत आटोपली असती ती संध्याकाळपर्यंत चालली, कारण गँगवेवर ढिलाई दिसली की इन्स्पेक्टर पुढे प्रत्येक झाकण उघडून बघतो. शिक्षेची सुरुवात बहुतेक वेळा अशी असते. कोर्ट फार नंतर येतं.

जहाजावर काम करणारे, आणि किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसून जहाज चालवणारे, अशा दोघांसाठी हा लेख आहे. आधी कोण काय शिक्षा करू शकतो ते बघू, मग आपण काय करायचं ते.

दोन सुरक्षा, दोन कायदे

मराठीत 'सुरक्षा' म्हटलं की सगळंच आलं. जहाजावर मात्र सेफ्टी वेगळी आणि सिक्युरिटी वेगळी. आग, टक्कर, बुडणं, माणूस पाण्यात पडणं यांपासून वाचायचं ती सेफ्टी. चाचे, चोरून चढणारे, स्फोटकं, घातपात यांपासून वाचायचं ती सिक्युरिटी.

सेफ्टीचा मूळ करार म्हणजे सोलास, समुद्रावर माणसांचे जीव वाचवण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाल्यावर १९१४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती झाली. आज लागू आहे ती १९७४ ची, १९८० पासून अंमलात आलेली. सिक्युरिटीसाठी आयएसपीएस कोड, म्हणजे जहाजं आणि बंदरं यांच्या सिक्युरिटीची नियमावली, अमेरिकेतल्या २००१ च्या हल्ल्यांनंतर डिसेंबर २००२ मध्ये मंजूर झालेला आणि १ जुलै २००४ पासून लागू. तो सोलासच्याच अकराव्या प्रकरणाच्या दुसऱ्या भागातून बंधनकारक होतो. आंतरराष्ट्रीय प्रवासावरची प्रवासी जहाजं आणि ५०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आतल्या आकारमानाचं माप) व त्याहून मोठी मालवाहू जहाजं त्याच्या कक्षेत येतात. त्यापेक्षा लहान बोटींना आपापल्या देशाचा कायदा.

आता गंमत अशी की सोलास पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलात तरी दंडाचा एकही आकडा सापडणार नाही. करार फक्त एवढंच सांगतो की, सह्या करणाऱ्या देशांनी हे नियम आपापल्या कायद्यात आणावेत. प्रदूषणाचा मार्पोल करार थोडा पुढे जातो: शिक्षा इतकी कडक हवी की नियम मोडायची इच्छा होऊ नये, आणि गुन्हा कुठेही घडला तरी तितकीच कडक हवी, असं त्याच्या चौथ्या कलमात आहे. पण आकडा तिथेही नाही. म्हणून 'आयएसपीएस मोडला तर किती दंड?' या प्रश्नाला एक उत्तर नसतं. उलट विचारायचं, 'कोणत्या देशात सापडलात?'

कोण पकडू शकतं

पहिला, जहाज ज्या देशात नोंदलेलं आहे तो, म्हणजे फ्लॅग स्टेट. सर्टिफिकेट देतो तोच, काढून घेतो तोच. दुसरा, ज्याच्या बंदरात तुम्ही उभे आहात तो. रोजच्या व्यवहारात खरी भीती याचीच, कारण जहाज त्याच्या हातात असतं. तिसरा, ज्याच्या पाण्यातून तुम्ही जाताय तो किनाऱ्याचा देश. चौथ्याला लोक विसरतात: ज्या देशाने तुम्हाला सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी, म्हणजे अधिकारी म्हणून काम करायचं लायसन्स, दिलं तो. दंड कंपनी भरेल, तुरुंगातून वकील सोडवेल, पण हा देश लायसन्स निलंबित करतो तेव्हा पोटावर पाय येतो.

या चौघांच्या अधिकारांना काही कुंपणं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराचं कलम ९७ सांगतं की खुल्या समुद्रात टक्कर झाली तर कॅप्टन किंवा अधिकाऱ्यावर फौजदारी कारवाई फक्त जहाजाचा देश किंवा त्या माणसाचा स्वतःचा देश करू शकतो. कलम २३० प्रमाणे परदेशी जहाजाने प्रदूषण केलं तर शिक्षा फक्त पैशाची. किनाऱ्याजवळच्या प्रादेशिक पाण्यात मुद्दाम आणि गंभीर प्रदूषण केलं असेल तर मात्र ही सवलत नाही. ही कलमं कॅप्टनने पाठ करायची गरज नाही, पण वकिलाला पहिल्या फोनवर 'घटना घडली तेव्हा जहाजाची पोझिशन काय होती' हे नेमकं सांगता आलं पाहिजे. अक्षांश-रेखांशावर अधिकार कोणाचा ते ठरतं.

शिक्षेच्या पायऱ्या

पोर्ट स्टेट कंट्रोलच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक त्रुटीपुढे एक आकडा असतो. १० म्हणजे दुरुस्त झालं. १५ म्हणजे पुढच्या बंदरात करा, १६ म्हणजे १४ दिवसांत करा, १७ म्हणजे निघायच्या आधी करा. आणि ३० म्हणजे जहाज इथून हलणार नाही. डिटेन्शन. नवा माणूस रिपोर्ट हातात आला की त्रुटी मोजत बसतो. मुरलेला चीफ ऑफिसर फक्त उजवीकडचा रकाना वाचतो. बारा त्रुटी १६ नंबरच्या असतील तर रात्री झोप लागते. एक ३० असेल तर नाही.

डिटेन्शनला कोर्टाच्या अर्थाने शिक्षा म्हणत नाहीत, पण पैशात ती बहुतेक दंडांपेक्षा महाग पडते. धक्क्याचं भाडं चालू, चार्टररने (जहाज भाड्याने घेणाऱ्याने) भाडं थांबवलेलं, पुन्हा तपासणीचा खर्च मालकाच्या माथी, आणि नाव सार्वजनिक यादीत. इक्वासिस नावाच्या मोफत डेटाबेसमध्ये कोणीही तुमच्या जहाजाचा तपासणी-इतिहास बघतो, आणि चार्टरर तर बघतोच. युरोप आणि उत्तर अटलांटिकमधल्या देशांचा पॅरिस एमओयू (एकत्र तपासणीचा सामंजस्य करार) १९८२ चा, आशिया-पॅसिफिकचा टोकियो एमओयू १९९३ चा. असे जगात नऊ प्रादेशिक गट आहेत, अमेरिकेचं कोस्ट गार्ड वेगळं. एका बंदरातली नोंद दुसऱ्या बंदराला आधीच कळलेली असते. पॅरिस एमओयूच्या भागात वारंवार डिटेन्शन झाली की प्रवेशबंदी येते: पहिल्यांदा किमान ३ महिने, दुसऱ्यांदा १२ महिने, पुढे आणखी. अडकवलेलं जहाज परवानगीशिवाय पळून गेलं तर थेट बंदी.

सिक्युरिटीत खुद्द सोलासनेच बंदराच्या हाती दिलेली हत्यारं वेगळी आहेत. सबळ कारण असेल तर जहाजाची तपासणी, उशीर करणं, अडकवणं, बंदरातल्या हालचालींवर निर्बंध, आणि शेवटी बंदरातून बाहेर काढणं. आत यायच्या आधीच प्रवेश नाकारताही येतो. इथे 'सबळ कारण' म्हणजे फार मोठं काही लागत नाही. सिक्युरिटी सर्टिफिकेटची मुदत संपलेली, शिप सिक्युरिटी ऑफिसरला स्वतःचं काम सांगता न येणं, किंवा आधीच्या बंदरात पाळायची सिक्युरिटी पातळी (धोक्याप्रमाणे ठरलेली कडकपणाची पायरी) पाळलेली नसणं, एवढं पुरतं.

यानंतर रोख दंड. अमेरिकेच्या सागरी सिक्युरिटी कायद्यात मूळ आकडा दिवसाला २५,००० डॉलरपर्यंत आहे. महागाईप्रमाणे तो वेळोवेळी वाढवतात.  ब्रिटनच्या १९९५ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात कलम ५८ खाली जहाज किंवा माणसं धोक्यात घालणाऱ्या खलाशाला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. समुद्रात संकटातल्या माणसाला मदत न करणं हाही बहुतेक देशांत गुन्हा आहे. अमेरिकेत त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा. दारूची मर्यादा एसटीसीडब्ल्यू कराराने (खलाशांचं प्रशिक्षण आणि सर्टिफिकेटं यांचा करार) घालून दिलेली आहे: रक्तात ०.०५ टक्के किंवा श्वासात लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅम. कितीतरी कंपन्यांची स्वतःची मर्यादा शून्य असते, म्हणजे कायद्यात बसलात तरी नोकरी जाऊ शकते.

तुरुंगापर्यंत कोण जातं

माणसं मेली की प्रकरण वेगळं. इटलीच्या जिलिओ बेटाजवळ १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळलं, ३२ जण गेले. कॅप्टन फ्रान्चेस्को स्केत्तिनो याला १६ वर्षं आणि १ महिन्याची शिक्षा झाली, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या शिक्षेची फोड वाचण्यासारखी आहे: मनुष्यवधासाठी १० वर्षं, जहाज बुडवल्याबद्दल ५, प्रवाशांना सोडून गेल्याबद्दल १, आणि तो वरचा एक महिना बंदर अधिकाऱ्यांना खोटी माहिती दिल्याबद्दल.

दक्षिण कोरियाचं सेवोल १६ एप्रिल २०१४ ला उलटलं, ३०४ बळी. परवानगीच्या दुप्पट माल चढवला होता आणि तो नीट बांधलेलाही नव्हता. कॅप्टनला आधी ३६ वर्षं, मग अपिलात खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. प्रवाशांना 'आहात तिथेच थांबा' असं सांगून स्वतः आधी बाहेर पडणं, हे कोर्टाने खुनासारखं धरलं.

अमेरिकेतलं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं, कारण ते रोजच्या कंटाळ्यातून घडलं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कन्सेप्शन ही डायव्हिंगची बोट पेटली. खाली झोपलेले ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी मेले. बोटीच्या सर्टिफिकेटमध्येच रात्री फिरता पहारा ठेवायची अट होती. पहारेकरी ठेवलेलाच नव्हता. कॅप्टनवर 'सीमन्स मॅन्स्लॉटर'चा, म्हणजे खलाशाच्या निष्काळजीपणाने झालेल्या मनुष्यवधाचा, खटला चालला. वाफेच्या बोटींच्या जमान्यातला, १८३८ सालापासूनचा हा कायदा. त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि अनेक कोर्टांच्या मते सिद्ध करायला साधा निष्काळजीपणाही पुरतो; या खटल्यात मात्र कोर्टाने घोर निष्काळजीपणा दाखवायला लावला. २०२३ मध्ये तो दोषी ठरला, २०२४ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. रात्री एका माणसाला जागं ठेवायचं, इतकीच ती अट होती.

आणि मृत्यू नसतानाही तुरुंग होतो. वाकाशिओ हे मालवाहू जहाज २५ जुलै २०२० ला मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून ते किनाऱ्याजवळ आणलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये कॅप्टन आणि चीफ ऑफिसर दोघांना २० महिन्यांची शिक्षा झाली.

कंपनी सुटते का

पूर्वी बरीच सुटायची. हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही फेरी ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झीब्रुगा बंदरातून पुढचं दार उघडं ठेवून निघाली आणि काही मिनिटांत आडवी झाली, १९३ मृत्यू. दार बंद करायची जबाबदारी असलेला असिस्टंट बोसन (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचा मदतनीस) केबिनमध्ये झोपलेला होता. कॅप्टनचं लायसन्स एक वर्ष, चीफ ऑफिसरचं दोन वर्षं निलंबित. कंपनीवर मनुष्यवधाचा खटला १९९० मध्ये उभा राहिला आणि कोसळला, कारण नेमका कोणता वरिष्ठ दोषी ते दाखवता आलं नाही.

त्यातूनच आयएसएम कोड आला, म्हणजे कंपनीने जहाजं सुरक्षितपणे चालवण्याची व्यवस्था कशी ठेवायची याची नियमावली. प्रवासी जहाजं, टँकर, बल्क कॅरियर यांना १९९८ पासून, उरलेल्या मालवाहू जहाजांना २००२ पासून. त्याने प्रत्येक कंपनीला किनाऱ्यावर एक नेमलेला माणूस ठेवायला लावला, डीपीए, ज्याला कॅप्टनच काय, कोणताही खलाशी थेट फोन करू शकतो आणि जो थेट मालकापर्यंत जाऊ शकतो. वरवर ती सोय दिसते. पण जहाजाची तक्रार ज्या दिवशी डीपीएच्या मेलबॉक्समध्ये पडली, त्या दिवसापासून 'आम्हाला माहीत नव्हतं' हे कंपनीला म्हणता येत नाही. सेवोलच्या कंपनीच्या प्रमुखाला अपिलानंतर सात वर्षांची कैद झाली. कोस्टा कॉन्कॉर्डियाच्या कंपनीने दहा लाख युरो दंड भरून आपल्यापुरतं प्रकरण मिटवलं.

उलट बाजूने कॅप्टनलाही 'कंपनीने सांगितलं म्हणून' हे निमित्त चालत नाही. जीव आणि जहाज वाचवायला कॅप्टन जो निर्णय घेईल त्यात मालक किंवा चार्टरर यांनी आड येऊ नये, असं सोलासच्या पाचव्या प्रकरणात लिहिलेलं आहे, सिक्युरिटीच्या भागातही तेच. अधिकार दिला म्हणजे जबाबदारीही आली. ऑफिसातून फोनवर आलेली चुकीची सूचना मेलवर लेखी मागा. दहातल्या नऊ वेळा ती सूचना मग येतच नाही.

खोटी नोंद: सगळ्यात महाग चूक

माझं मत विचाराल तर बिघडलेल्या यंत्रापेक्षा खोटी वही जास्त माणसांना बुडवते. फायर डँपर (आगीच्या वेळी हवेचा मार्ग बंद करणारी झडप) गंजून अडकला असेल तर १७ नंबर मिळतो, फिटर हातोडी घेऊन जातो, संध्याकाळी ग्रीस लागतं. पण 'डँपर तपासला, ठीक' अशी गेल्या आठवड्याची सही चेकलिस्टवर असेल, तर इन्स्पेक्टरच्या डोळ्यात ती यंत्राची चूक राहत नाही. मग तो सगळ्या सह्यांवर शंका घेतो, कंपनीची पूर्ण सेफ्टी व्यवस्थाच निकामी आहे असं लिहितो, आणि तिथे ३० नंबर येतो. अमेरिकेत सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा.

विश्रांतीच्या तासांचं घ्या. नियम असा: २४ तासांत किमान १० तास, ७ दिवसांत ७७ तास, आणि ते १० तास जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, त्यातला एक तुकडा सलग ६ तासांचा. इन्स्पेक्टर हा तक्ता एकटा कधीच वाचत नाही. त्याच्या शेजारी तो बेल बुक, म्हणजे जहाजाच्या हालचालींची वेळेसह नोंद असलेली वही, उघडतो. बेल बुकात रात्री दोनला पायलट (बंदराचा वाटाड्या) चढला, दोर बांधायला माणसं जागेवर लावली, पुढच्या टोकाला चीफ ऑफिसर. तक्त्यात तोच चीफ ऑफिसर रात्री बारा ते सहा झोपलेला. पान पुढे, पुन्हा तेच. महिनाभराचे रकाने एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकाच बैठकीत भरलेले. अशा वेळी केबिनमध्ये जी शांतता पसरते ती ज्याने अनुभवली तो पुन्हा तसा तक्ता भरत नाही. तास खरोखर मोडले असतील तर मोडले असं लिहा, कारण लिहा, भरपाईची विश्रांती कधी दिली ते लिहा. तीही त्रुटीच, पण प्रामाणिक त्रुटी.

प्रिन्सेस क्रूझेसचं प्रकरण प्रदूषणाचं असलं तरी धडा तोच. तेलकट पाणी गुपचूप समुद्रात सोडायला इंजिनरूममध्ये जोडलेली नळी, जिला जगभरचे इंजिनिअर 'मॅजिक पाइप' म्हणतात, ती एका नव्याने आलेल्या इंजिनिअरने उघड केली. २०१६ मध्ये कंपनीने सात गुन्हे कबूल केले, दंड ४ कोटी डॉलर. अमेरिकेच्या संबंधित कायद्यात खबर देणाऱ्याला दंडाच्या निम्म्यापर्यंत बक्षीस देण्याची तरतूद आहे, हे इंजिनरूममधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पुढे कोर्टाच्या देखरेखीच्या काळात, तपासणीच्या आधी जहाज 'तयार' करायला माणसं पाठवली आणि ट्रेनिंगच्या नोंदी बदलल्या, म्हणून २०१९ मध्ये आणखी २ कोटी डॉलर भरावे लागले.

बंदरात शिरायच्या आधी

आगमनाच्या चार-पाच दिवस आधी सुरुवात करा. अमेरिकेला ९६ तास आधी सूचना लागते, बाकी देशांचे नियम एजंटकडून लेखी घ्या.

सर्टिफिकेटांच्या तारखा एका कागदावर उतरवा. मूळ कागद फाइलमध्ये असून उपयोग नाही, एंडॉर्समेंटची खिडकी (सर्व्हेची सही घेण्याची मुदत) उघडी आहे का बंद ते बघा. वार्षिक सर्व्हे झाला पण पाठीमागे सही-शिक्का राहिला, ही चूक वाटते त्यापेक्षा फार वेळा होते.

शेवटच्या १० बंदरांची यादी, प्रत्येक ठिकाणची सिक्युरिटी पातळी, घेतलेले जादा उपाय, डिक्लेरेशन ऑफ सिक्युरिटीच्या (जहाज आणि बंदर यांच्यात कोण काय काळजी घेणार याच्या लेखी कराराच्या) प्रती, हे एकत्र काढून ठेवा. पातळ्या तीन. जहाजाची पातळी बंदराच्या पातळीपेक्षा कमी असून चालत नाही. बंदर २ वर असेल आणि तुम्ही १ वर, तर पाण्यात असतानाच चढवा, वेळ लिहा आणि बंदराच्या सिक्युरिटी ऑफिसरला कळवा. तुमची पातळी वरची असेल तर त्यालाही ते सांगायला हवं.

ड्रिलच्या तारखा मोजा. आगीचं आणि जहाज सोडण्याचं ड्रिल प्रत्येकाला महिन्यातून एकदा. पाव हिश्श्याहून जास्त माणसांनी गेल्या महिन्यात या जहाजावर ड्रिल केलं नसेल तर बंदर सोडल्यापासून २४ तासांत. बंदिस्त जागेत शिरण्याचं आणि तिथून सुटकेचं ड्रिल दोन महिन्यांतून एकदा. सिक्युरिटीचं तीन महिन्यांतून एकदा. क्रू बदलल्यावर हा २५ टक्क्यांचा हिशेब चुकतो, म्हणून क्रू चेंजच्या दिवशीच पुढच्या ड्रिलची तारीख फळ्यावर लिहायची सवय लावा.

मग हाताने चालवून बघा: इमर्जन्सी फायर पंप, इमर्जन्सी जनरेटर, लाइफबोटचं इंजिन, क्विक क्लोजिंग व्हॉल्व्ह (आगीच्या वेळी इंधन झटकन बंद करणारे), फायर डँपर, आपोआप बंद होणारी दारं. पंप सुरू होणं पुरेसं नाही. दोन होज लावा, पाणी नोझलमधून किती लांब जातं ते डेकवर उभं राहून बघा. रंग देताना डँपरच्या बिजागरीवर रंगाचा थर बसतो आणि तो लाकडासारखा घट्ट होतो. हे फक्त हात लावल्यावर कळतं.

जे दुरुस्त होणार नाही ते लपवू नका. फ्लॅग स्टेट आणि क्लासला (जहाजाची बांधणी आणि यंत्रं तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेला) आधी कळवा, तात्पुरती परवानगी लेखी घ्या, पार्ट मागवल्याचा कागद जोडा आणि बंदर अधिकाऱ्यांना आगमनाआधी सांगा. स्वतः कळवलेला बिघाड आणि इन्स्पेक्टरने शोधलेला बिघाड यांत रिपोर्टमधल्या त्या आकड्याचा फरक पडू शकतो.

इन्स्पेक्टर जहाजावर असताना

गँगवेवर ओळखपत्र मागा, फोटो जुळवा, वहीत नोंद करा, व्हिजिटर पास द्या. तो घाईत असला तरी. तुमची माणसं त्याला अडवतात का, हेच तो बघत असतो. एक अधिकारी पूर्ण वेळ सोबत द्या, शक्यतो ज्याला जहाज माहीत आहे तो, कालच जॉइन झालेला थर्ड ऑफिसर नको.

विचारलं तेवढं सांगा, आणि माहीत नसेल तर 'बघून सांगतो' म्हणा. शिप सिक्युरिटी प्लॅन हा गोपनीय कागद आहे. इन्स्पेक्टरला तो सहसा बघता येत नाही. सबळ कारण असलं तरी फक्त संबंधित भाग, आणि तोही कॅप्टन किंवा फ्लॅग स्टेटच्या संमतीने; काही भागांना तर फ्लॅग स्टेटची संमती लागतेच. घाबरून पूर्ण फाइल टेबलावर ठेवणारे कॅप्टन मी पाहिले आहेत. ती सहकार्याची खूण वाटते, प्रत्यक्षात ती स्वतःच एक सिक्युरिटी त्रुटी आहे.

भेटवस्तू, सिगारेट, पाकीट यांच्या वाटेला जाऊ नका. मागितली तर तारीख, वेळ, शब्द लिहून डीपीएला त्याच तासाला मेल करा.

जहाज अडकलंच तर

रिपोर्टवर सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. सही म्हणजे रिपोर्ट मिळाल्याची पोच. मान्य नसेल ते शेजारी नम्र शब्दांत लिहिता येतं. मग एकाच वेळी चौघांना कळवा: डीपीए, फ्लॅग स्टेट, क्लास, पी अँड आय क्लबचा (मालकाच्या जबाबदारीचा विमा देणाऱ्या संस्थेचा) स्थानिक प्रतिनिधी. क्लासचा सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्तीचे आधीचे-नंतरचे फोटो काढत राहा.

अपील करता येतं, पण अपील केलं म्हणून जहाज सुटत नाही. आधी दुरुस्ती, सुटका, मग वाद. पॅरिस एमओयूमध्ये फ्लॅग स्टेट किंवा क्लासमार्फत फेरविचार मागायची मुदत सुटकेपासून १२० दिवस आहे. त्याचा निर्णय बंधनकारक नसतो, पण नोंद बदलू शकते. कारण नसताना अडकवलं किंवा उशीर केला असेल तर नुकसानभरपाईचा हक्क सोलासनेच दिलेला आहे. तो सिद्ध करायला तासातासाची नोंद लागते: कधी दुरुस्ती संपली, कधी फेरतपासणी मागितली, इन्स्पेक्टर कधी आला.

अपघात झाला आणि पोलीस चढले तर

माणसं सुरक्षित झाली की पहिलं काम व्हीडीआरचं, म्हणजे जहाजाच्या ब्लॅक बॉक्सचं, सेव्ह बटण. २०१४ च्या मध्यानंतर बसवलेल्या यंत्रांत दीर्घ साठा ३० दिवसांचा असतो, पण जुन्या यंत्रांत १२ तासांनी आवाज पुसला जातो आणि तुमची बाजू सांगणारा एकमेव साक्षीदार जातो. चार्ट, बेल बुक, इंजिनचे प्रिंट, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, काहीही खोडू नका. लॉगबुकात चूक झाली असेल तर एक रेघ मारून बाजूला दुरुस्ती आणि सही. फाडलेलं पान हा नवा गुन्हा ठरतो.

चौकशी करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: ही सेफ्टीची चौकशी आहे की फौजदारी? २०१० पासून बंधनकारक असलेल्या अपघात तपास कोडप्रमाणे सेफ्टी चौकशीचा उद्देश कारण शोधण्याचा असतो, दोष ठरवण्याचा नाही, आणि तुम्हाला तिचं स्वरूप सांगितलं गेलं पाहिजे. फौजदारी असेल तर वकील आणि दुभाषा येईपर्यंत नाव, हुद्दा, सर्टिफिकेट नंबर एवढंच. अपघातानंतर खलाशांना न्याय्य वागणूक मिळावी म्हणून आयएमओ आणि आयएलओ (संयुक्त राष्ट्रांच्या सागरी आणि कामगार संघटना) यांची २००६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा, दुभाष्याचा आणि आपल्या वकिलातीशी बोलण्याचा मुद्दा आहे. ती तत्त्वं कायदा नाहीत, पण छापलेली प्रत कॅप्टनच्या फाइलमध्ये असावी. ती टेबलावर ठेवली की बोलण्याचा सूर बदलतो.

हेबेई स्पिरिट हा टँकर ७ डिसेंबर २००७ ला कोरियाच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभा होता, तेव्हा टगचा दोर तुटून आलेला क्रेन बार्ज त्याच्यावर आदळला. खालच्या कोर्टाने टँकरच्या भारतीय कॅप्टन आणि चीफ ऑफिसरला निर्दोष सोडलं, तरी अपिलात डिसेंबर २००८ मध्ये दोघांना तुरुंगात टाकलं. सर्वोच्च न्यायालयात ते फिरलं आणि जून २००९ मध्ये ते घरी पोचले, अपघातानंतर दीड वर्षाने. इतक्या काळात साक्षीचा प्रत्येक शब्द पुन्हा पुन्हा वाचला जातो. म्हणून तुम्हाला वाचता न येणाऱ्या भाषेतल्या जबाबावर सही करू नका. करावीच लागली, तर सहीच्या वर आपल्या हाताने, आपल्या भाषेत लिहा: 'मला ही भाषा येत नाही, मजकूर वाचून दाखवलेला नाही', तारीख आणि वेळेसह, आणि त्या पानाचा फोटो मागा.